कधी यशस्वी, कधी अपयशी: वैज्ञानिक सॉफ्टवेअरमधील अस्थिर चाचण्या दुरुस्त करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथनमध्ये लिहिलेली आणि आतून सी व फोरट्रानचा काही भाग वापरणारी एक मुक्तस्रोत वैज्ञानिक लायब्ररी आहे. तिची देखभाल मोजके स्वयंसेवक करतात. पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) आली की सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत, शेकडो चाचण्या चालतात आणि त्यांतील काही, बदलाशी कोणताही संबंध नसताना, कधी यशस्वी होतात तर कधी अपयशी. सहयोगी 'पुन्हा चालवा' हे बटण दाबून पुढे जातात. अशा चाचण्या दुरुस्त कशा कराव्यात, सुरुवात कोठून करावी आणि टॉलरन्स (अपेक्षित उत्तरापासून चालणारा फरक) वाढवून किंवा अपयशी चाचणी आपोआप पुन्हा चालवण्याची सोय करून काम भागेल का?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. निकालातील फरक नेमका कोठून येतो हे एका वाक्यात सांगता येईपर्यंत टॉलरन्सला हात लावू नये आणि चाचणी आपोआप पुन्हा चालवू नये. इतर सॉफ्टवेअरमध्ये अस्थिर चाचणी हा बहुधा चाचणीचा दोष असतो. २०१४ साली अपाचेच्या ५१ मुक्तस्रोत प्रकल्पांतील अशा २०१ दुरुस्त्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असिंक्रोनस कामाची नीट वाट न पाहणे, समांतर चालणाऱ्या कामांची टक्कर आणि चाचण्यांच्या क्रमावरचे अवलंबन ही तीन कारणे सर्वांत पुढे होती. वैज्ञानिक सॉफ्टवेअरमध्ये ही तिन्ही असतातच, पण त्यांच्या जोडीला आकडेमोड येते, आणि तेथे चाचणी डळमळते तेव्हा तिने पुष्कळदा खरा दोष पकडलेला असतो. तोच दोष वापरकर्त्याच्या संगणकावर कोणतीही सूचना न देता वेगळे उत्तर देत असतो, आणि त्याच्याकडे तुलनेसाठी अपेक्षित उत्तर नसते.

पुन्हा चालवण्याच्या उपायामागचे गणित एकदा मांडून पाहावे. समजा, २०० चाचण्या आहेत आणि त्यांतील प्रत्येक हजारात एकदा विनाकारण अपयशी होते. एका चाचणीकडे पाहिले तर हे प्रमाण नगण्य वाटते, पण संपूर्ण संच एकदा चालवला की कोठेतरी अपयश दिसण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते, म्हणजे दर पाच-सहा पुल रिक्वेस्टमागे एक विनाकारण अडते. आता उलट बाजू पाहा. एखादा खरा दोष दहांत एकदाच प्रकट होतो आणि चाचणीला तीन संधी दिल्या आहेत, त्यांपैकी एक यशस्वी झाली तरी पुरे. मग तो दोष सीआयमध्ये हजारात एकदाच दिसेल. म्हणजे ज्या दोषाचा वापरकर्त्याला दर दहा वेळांमागे एकदा फटका बसतो, तो आपण आपल्याच हाताने शंभरपटीने दुर्मीळ करून ठेवला.

म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नसून मोजमापाचे आहे. अपयशी ठरलेल्या प्रत्येक चाचणीची नोंद ठेवावी: कोणता कमिट (कोडमधील नोंदलेला बदल), कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, कोणता प्रोसेसर, नमपाय आणि सायपाय या आकडेमोडीच्या पॅकेजांच्या आवृत्त्या, त्यांच्यामागे कोणते ब्लास (मॅट्रिक्सची मूलभूत आकडेमोड करणारी लायब्ररी), थ्रेडची (समांतर चालणाऱ्या धाग्यांची) संख्या, यादृच्छिक संख्यांचे सीड (आरंभमूल्य) आणि चाचण्यांचा क्रम. थ्रेडपूलसीटीएल हे छोटे पॅकेज यातील ब्लास आणि थ्रेडची माहिती एका ओळीत छापून देते, ती ओळ सीआयच्या प्रत्येक लॉगच्या सुरुवातीला असावी. त्यानंतर संशयित चाचणी एकटी, पायटेस्ट या चाचणी-साधनाच्या पायटेस्ट-रिपीटसारख्या प्लगइनने, अनेकदा चालवावी. किती वेळा, याचा साधा हिशेब आहे: अपयशाचे प्रमाण शंभरात एक असेल, तर ते निदान एकदा दिसेल याची ९५ टक्के खात्री होण्यासाठी सुमारे ३०० वेळा चालवावे लागते. दहा वेळा चालवून सर्व यशस्वी झाल्या म्हणून प्रश्न मिटला असे मानणे हा सर्वाधिक आढळणारा गैरसमज आहे.

दोष आणणारा कमिट अर्ध्याअर्ध्याने शोधणारे गिट बायसेक्ट वापरतानाही हाच हिशेब लागतो. अस्थिर चाचणी प्रत्येक कमिटवर एकदाच चालवली तर बायसेक्ट हमखास चुकीच्या कमिटकडे बोट दाखवते, कारण एका नशिबाच्या यशाने शोधाची अख्खी दिशा बदलते. अपयशाचे प्रमाण ५ टक्के असेल, तर ६० वेळा चालवूनही दोषी कमिट सुमारे ४.६ टक्के वेळा निर्दोष भासेल. १५० वेळा चालवले तर ही शक्यता ०.०५ टक्क्याच्या खाली जाते. म्हणून बायसेक्ट रनला थेट चाचणी देऊ नये. चाचणी लूपमध्ये चालवणारी, पहिल्या अपयशाला थांबून १ परत करणारी आणि त्या कमिटवर बिल्डच होत नसेल तर १२५ परत करणारी छोटी स्क्रिप्ट द्यावी. १२५ या संकेताचा अर्थ 'हा कमिट वगळा' असा होतो. तो दिला नाही तर बिल्डचे अपयश चाचणीचे अपयश म्हणून मोजले जाते.

मोजमाप हाती आले की एकेक गोष्ट स्थिर करत जावे. येथे एक निर्णायक प्रयोग आहे आणि तो मी नेहमी सर्वांत आधी करतो: तोच कमिट, तोच संगणक, तेच सीड, एकच थ्रेड, पायथनहॅशसीड हा पर्यावरणीय चल (एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल) निश्चित केलेला आणि चाचणी एकटी. एवढे बांधून घेतल्यावर दोन फेऱ्यांचे निकाल अगदी शेवटच्या बिटपर्यंत सारखे यायला हवेत. तसे येत असतील तर बांधलेल्या गोष्टी एकेक करून मोकळ्या सोडाव्यात, ज्या क्षणी फरक दिसू लागेल तेथे उगम सापडतो. तसे येत नसतील तर प्रकरण गंभीर आहे. चाचणी घड्याळाला किंवा नेटवर्कला हात लावत नसेल, तर बहुतेक वेळा कोड प्रारंभिक मूल्य न दिलेली मेमरी वाचत असतो.

अशा मेमरीचे पायथनमधले नेहमीचे दार म्हणजे नमपायचे एम्प्टी हे फंक्शन. अ‍ॅरे तयार होतो, लूपमध्ये त्यातील बहुतेक घटक भरले जातात आणि सीमेवरचा एखादा घटक राहून जातो. दुसरे दार अधिक फसवे आहे. शून्याने भाग जाऊ नये म्हणून डिव्हाइड या फंक्शनला व्हेअर ही अट दिली जाते, पण आउट हा अ‍ॅरे दिला जात नाही. अट जेथे खोटी ठरते तेथे शून्य येईल असे लिहिणाऱ्याला वाटते, पण प्रत्यक्षात तेथे मेमरीत जे काही पडले असेल ते राहते. विकसकाच्या संगणकावर हे पुष्कळदा दिसत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टीमकडून नव्याने मिळालेली पाने शून्यांनी भरलेली असतात. सीआयमध्ये संपूर्ण संच चालताना तीच मेमरी पुन्हा वापरली जाते आणि आधीच्या चाचणीचे अवशेष त्यात सापडतात. शोधण्याची सोपी युक्ती अशी की चाचणीपुरते एम्प्टी बदलून त्याजागी संपूर्ण अ‍ॅरे नॅनने ('संख्या नाही' या मूल्याने) भरून देणारे फंक्शन बसवावे, म्हणजे अधूनमधून होणारे अपयश दरवेळचे होते. कंपाइल केलेल्या भागासाठी लिनक्सवरील सी लायब्ररी ग्लिबसी हिचा मॅलॉक_पर्टर्ब_ हा चल नव्या मेमरीत मुद्दाम कचरा भरतो, आणि व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारे साधन नेमकी ओळ दाखवते. मात्र व्हॅलग्राइंडखाली चालवताना पायथनमॅलॉक या चलाचे मूल्य मॅलॉक असे ठेवावे, नाहीतर पायथनच्या स्वतःच्या मेमरी व्यवस्थेमुळे खरी सूचना गोंगाटात हरवते. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हा कंपायलरमधील तपासनीस येथे उपयोगी पडत नाही. तो हद्दीबाहेरचे वाचन पकडतो, प्रारंभिक मूल्य नसलेले वाचन पकडत नाही.

एका थ्रेडवर निकाल स्थिर आणि अनेक थ्रेडवर अस्थिर असेल तर दोन शक्यता राहतात आणि त्यांच्यात भेद करणे फार महत्त्वाचे आहे. फरक शेवटच्या एक-दोन अंकांत असेल तर तो बहुधा बेरजेच्या क्रमाचा परिणाम असतो आणि तो दोष मानायचे कारण नाही. फरक मोठा असेल, किंवा क्वचित पण अगदी भलताच आकडा येत असेल, तर काम थ्रेडमध्ये वाटणाऱ्या ओपनएमपीच्या लूपमधील एखादा चल खासगी (प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र) घोषित करायचा राहिला आहे, असे समजून शोध घ्यावा. टॉलरन्स वाढवणारा माणूस या दोन प्रकरणांना एकाच तराजूत तोलतो, आणि माझा आक्षेप नेमका तेथेच आहे.

आता बेरजेच्या क्रमाकडे येतो, कारण या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग तोच आहे. आयईईई ७५४ या मानकातील डबल प्रकारच्या संख्येला ५३ बिटांची अचूकता असते आणि १ नंतरची पुढची संख्या सुमारे २.२ गुणिले १० चा उणे १६ वा घात एवढ्या अंतरावर असते. प्रत्येक क्रियेत निकाल या जाळीवर बसवला जातो, म्हणून बेरजेचा साहचर्य नियम पाळला जात नाही: कंस हलवले की शेवटचा अंक हलतो. हे कंस तुमच्या कोडमध्ये दिसत नाहीत. नमपाय लांब बेरीज जोड्याजोड्यांनी करते, ओपनब्लास आणि एमकेएल या ब्लास लायब्रऱ्या मॅट्रिक्सचे तुकडे वेगवेगळ्या आकारांत पाडतात, आणि गुणाकार-बेरीज एकाच फेरीत करणारी एफएमए ही प्रोसेसरची सूचना उपलब्ध असेल तर मधले एक गोलीकरण वगळले जाते. त्यातच या लायब्रऱ्या प्रोसेसर ओळखून त्याला साजेशा सूचना चालवतेवेळी निवडतात. सीआय सेवेने आज एव्हीएक्स-५१२ हा सूचनासंच असलेला प्रोसेसर दिला आणि उद्या नसलेला दिला, तर तोच कमिट आज यशस्वी होतो आणि उद्या अपयशी, आणि लोक त्याला यादृच्छिक म्हणतात. तो यादृच्छिक नाही, फक्त प्रोसेसरचे नाव लॉगमध्ये नोंदलेले नाही. ओपनब्लास_कोअरटाइप आणि एनपीवाय_डिसेबल_सीपीयू_फीचर्स हे दोन चल वापरून जुन्या प्रोसेसरचे वर्तन आपल्या संगणकावर बऱ्याच अंशी घडवून आणता येते.

फरक गोलीकरणाचाच आहे हे सिद्ध झाल्यावर टॉलरन्स ठरवावा, आणि तो चाचणी यशस्वी होईपर्यंत शून्ये कमी करत न जाता हिशेबाने ठरवावा. पहिली अडचण साध्या नियमांच्या विस्मरणाची असते. नमपायच्या असर्ट-ऑलक्लोजमध्ये सापेक्ष टॉलरन्स मुळात १० चा उणे ७ वा घात आणि निरपेक्ष टॉलरन्स शून्य असतो. अपेक्षित उत्तर शून्य असेल तर सापेक्ष टॉलरन्सचा काहीच उपयोग नसतो आणि १० चा उणे १७ वा घात एवढा निरुपद्रवी अवशेषही चाचणी पाडतो. अशा ठिकाणी निरपेक्ष टॉलरन्स द्यावाच लागतो, आणि तो त्या गणनेत मध्ये येणाऱ्या संख्यांच्या आकारमानावरून काढावा. हजाराच्या घरातील संख्यांची वजाबाकी होऊन शून्य येणार असेल, तर १० चा उणे १२ वा घात ही रास्त अपेक्षा आहे, उणे १६ वा नाही. पायटेस्टचे अ‍ॅप्रॉक्स, नमपायचे ऑलक्लोज आणि मॅथ मॉड्यूलमधील इझक्लोज या तिघांचे मूळ टॉलरन्स परस्परांहून वेगळे आहेत. एकाच प्रकल्पात तिन्ही मिसळले असतील, तर कोणती तुलना किती कठोर आहे याचे भान कोणालाच राहत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. प्रश्नच संवेदनशील असेल तर उत्तराचे अंक जुळण्याची अपेक्षा चुकीची ठरते. दहाव्या क्रमाच्या हिल्बर्ट मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर (लहान त्रुटी उत्तरात किती पट वाढू शकते याचे माप) सुमारे १.६ गुणिले १० चा १३ वा घात आहे. उपलब्ध सोळा अंकांपैकी तेरा तेथेच खर्ची पडू शकतात, म्हणून समीकरणसंच सोडवल्यावर उत्तराच्या तीन अंकांपलीकडे खात्री देता येत नाही. अशा चाचणीत सात अंक जुळत असतील तर ते त्या दिवशीच्या ब्लासचे दैव आहे. तेथे उत्तराची तुलना सोडून द्यावी आणि मिळालेले उत्तर मूळ समीकरणात घालून उरणारा शेष तपासावा. चांगल्या अल्गोरिदममध्ये मॅट्रिक्स आणि उत्तर यांच्या आकारमानाच्या तुलनेत हा शेष कंडिशन नंबर कितीही असला तरी लहानच राहतो. आयगेनव्हेक्टरच्या बाबतीतही असेच आहे. व्हेक्टरचे चिन्ह उलटले तरी तो तितकाच बरोबर असतो, आणि दोन आयगेनमूल्ये समान असतील तर त्या प्रतलातील कोणतीही लंब जोडी चालते. साठवून ठेवलेल्या व्हेक्टरशी घटकवार तुलना करणाऱ्या चाचण्या लॅपॅक या रेषीय बीजगणिताच्या लायब्ररीची आवृत्ती बदलताच पडतात. मॅट्रिक्सने गुणल्यावर व्हेक्टर आयगेनमूल्याच्या पटीत येतो का आणि व्हेक्टर परस्परांना लंब आहेत का, हे तपासणारी चाचणी पडत नाही आणि दोष मात्र पकडते.

अतिसंवेदनशील गतिकीय प्रणालींमध्ये तर टॉलरन्स वाढवून काहीच साधत नाही. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ साली ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा घालून हवामानाच्या प्रतिमानाची गणना पुन्हा सुरू केली आणि काही काळानंतर निकाल पूर्णपणे वेगळा आला, ही घटना सुपरिचित आहे. त्यांच्या १९६३ सालच्या समीकरणांचा सर्वांत मोठा ल्यापुनोव्ह घातांक (त्रुटी वाढण्याच्या वेगाचे माप) नेहमीच्या प्राचलांसाठी सुमारे ०.९ आहे. या गतीने १० चा उणे १६ वा घात एवढी त्रुटी साधारण ४० कालमापांत एक या आकारमानाची होते. ५० कालमापांनंतरच्या स्थानाची साठवलेल्या आकड्यांशी तुलना करणारी चाचणी म्हणूनच दोन वेगळ्या प्रोसेसरवर जुळू शकत नाही, मग टॉलरन्स काहीही असो. तेथे अल्प कालावधीतील अचूकता तपासावी, पाऊल निम्मे केल्यावर त्रुटी पद्धतीच्या क्रमानुसार घटते का ते पाहावे, किंवा दीर्घ काळाची सांख्यिकीय सरासरी तपासावी. मला स्वतःला यातील पाऊल निम्मे करण्याची चाचणी सर्वाधिक विश्वासाची वाटते. चौथ्या क्रमाच्या पद्धतीत त्रुटी सुमारे सोळापट कमी व्हायला हवी, आणि एखादा गुणांक चुकला असेल तर हे प्रमाण लगेच ढळते.

यादृच्छिक संख्यांच्या बाबतीत सल्ला देताना सगळे 'सीड निश्चित करा' असे सांगून थांबतात. सीड निश्चित करावे, पण त्याने काय साधले आणि काय लपवले हे ओळखावे. जागतिक सीड ठेवले की चाचणी आपल्या आधी किती चाचण्या चालल्या यावर अवलंबून राहते. म्हणून प्रत्येक चाचणीला डीफॉल्ट-आरएनजीने तयार केलेला स्वतःचा जनरेटर द्यावा. हा नवा जनरेटर २०१९ मध्ये नमपाय १.१७ बरोबर आला. जुन्या रँडमस्टेटचा क्रम गोठवलेला आहे, पण नव्याचा क्रम पुढच्या आवृत्त्यांत बदलू शकतो, हे धोरण नमपायने जाहीर केलेले आहे. त्यामुळे 'सीड ४२ असताना उत्तर अमुक' असा आकडा साठवणारी चाचणी केव्हातरी पडणारच. आणि एखादी चाचणी केवळ एकाच सीडवर यशस्वी होत असेल, तर तिने अल्गोरिदम तपासलेलाच नाही. सायकिट-लर्न या लायब्ररीने यावर केलेली व्यवस्था अनुकरणीय आहे: चाचणी ० ते ९९ यांपैकी कोणत्याही सीडवर यशस्वी झाली पाहिजे, आणि एका पर्यावरणीय चलाद्वारे सर्व सीड किंवा एखादे विशिष्ट सीड निवडता येते. चाचणी लिहिताना शंभरही सीड तपासावीत, नेहमीच्या फेरीत एक पुरेसे आहे.

सांख्यिकीय चाचणीची मर्यादाही प्रमाण त्रुटीवरून काढावी. प्रमाण विचलन १ असलेल्या वितरणातील १०,००० नमुन्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी ०.०१ येते. मर्यादा ०.०२ ठेवली तर निर्दोष कोडही सुमारे ४.६ टक्के वेळा अपयशी ठरेल. ०.०५ ठेवली तर सुमारे सतरा लाखांत एकदा. यावर कोणी म्हणेल की मर्यादा सैल केल्यामुळे लहान दोष निसटतील, आणि ते खरे आहे. पण त्यावर उपाय नमुने वाढवणे हा आहे, मर्यादा आवळणे हा नाही. नमुने शंभरपट केले की प्रमाण त्रुटी दहापट घटते. ती चाचणी संथ होईल, म्हणून ती रात्रीच्या फेरीत ठेवावी.

चाचणी एकटी यशस्वी आणि संचात अपयशी होत असेल तर कोणीतरी सामाईक स्थिती बदलून ठेवली आहे. नमपायचे सेटएर, मॅटप्लॉटलिबचे आरसीपॅरॅम्स, चालू डिरेक्टरी, पर्यावरणीय चल, मॉड्यूलच्या पातळीवरचा कॅशे ही नेहमीची ठिकाणे. पायटेस्ट-रँडमली क्रम विस्कटून देते आणि वापरलेले सीड छापते, त्यामुळे तोच क्रम पुन्हा घडवता येतो. संच अर्ध्याअर्ध्याने कमी करत गेले की गुन्हेगार चाचणी काही फेऱ्यांत सापडते. दुरुस्ती मंकीपॅच आणि टीएमपी-पाथ या पायटेस्टच्या फिक्स्चरनी (चाचणीपुरत्या सोयींनी) होते. एक दुर्मीळ प्रकार लक्षात ठेवावा: फास्ट-मॅथ या पर्यायाने जीसीसी कंपायलरच्या १३ पूर्वीच्या आवृत्त्यांत लिंक केलेली शेअर्ड लायब्ररी नुसती इम्पोर्ट केली तरी प्रोसेसरची अतिसूक्ष्म संख्यांना शून्य मानण्याची व्यवस्था चालू होते, आणि मग तिच्याशी काहीही संबंध नसलेली चाचणी पडते.

क्रमाचाच आणखी एक प्रकार फाइलींचा आहे. ग्लॉब आणि लिस्टडिर ही फंक्शने फाइली कोणत्या क्रमाने देतील याची हमी नाही. २०१९ मध्ये हवाईतील संशोधकांनी दाखवून दिले की एनएमआरच्या (चुंबकीय अनुनादाने रेणूंची रचना ओळखण्याच्या पद्धतीच्या) गणनेसाठी अनेकांनी वापरलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पायथन स्क्रिप्टचे निकाल ऑपरेटिंग सिस्टीमनुसार बदलत होते, कारण फाइलींची यादी क्रमाने लावलेली नव्हती. ऑपरेटिंग सिस्टीम बदलून चालवलेल्या एका चाचणीने हे पहिल्याच दिवशी उघड केले असते. प्रत्येक ठिकाणी सॉर्टेड लावावे. संचांच्या म्हणजे सेटच्या बाबतीतही तेच, कारण पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचे हॅश प्रत्येक वेळी वेगळे असते.

नेटवर्क आणि घड्याळ यांबद्दल फार लिहायला नको. नेटवर्क लागणाऱ्या चाचण्या वेगळ्या खुणेखाली ठेवाव्यात, नमुना फाइली पूचसारख्या साधनाने एसएचए-२५६ (फाइलीचा डिजिटल ठसा) तपासून उतरवाव्यात. स्वयंचलित पुनर्प्रयत्न मी केवळ याच गटासाठी मान्य करतो, कारण तेथे फरकाचा उगम माहीत असतो आणि तो आपल्या कोडबाहेर असतो. खगोलशास्त्रीय कोडमध्ये पृथ्वीच्या परिवलनाची कोष्टके जुनी होतात. अ‍ॅस्ट्रोपाय मुळात ३० दिवसांपेक्षा जुने कोष्टक नाकारते, त्यामुळे कोड न बदलता चाचणी एका विशिष्ट तारखेला पडू लागते. वेळ मोजणाऱ्या चाचण्या सीआयमध्ये ठेवूच नयेत. सेकंदांऐवजी पुनरावृत्तींची किंवा फंक्शन किती वेळा बोलावले गेले याची संख्या तपासावी. हायपोथेसिस या चाचणी-लायब्ररीमध्ये प्रत्येक उदाहरणाला २०० मिलिसेकंदांची मूळ मर्यादा असते आणि गजबजलेल्या सीआय यंत्रावर ती ओलांडली जाते. ती मर्यादा काढून टाकण्यात काही गैर नाही.

ज्यांना लोक अस्थिर म्हणतात पण ज्या तशा नसतात, अशा समस्या उरतात: आपण ज्यावर अवलंबून आहोत ते पॅकेज बदलले आणि चाचणी पडली. नमपायमधील इंट आणि बूल ही जुनी टोपणनावे १.२० मध्ये कालबाह्य ठरली आणि १.२४ मध्ये काढली गेली. जून २०२४ मध्ये आलेल्या २.० ने ६४-बिट विंडोजवरील मूळ पूर्णांक ३२ बिटांवरून ६४ बिटांवर नेला आणि संख्या छापण्याची पद्धत बदलली, ज्यामुळे असंख्य डॉकटेस्ट (दस्तऐवजातील उदाहरणांच्या चाचण्या) पडल्या. लाँग डबलचे तर प्रत्येक ठिकाणी निराळेच असते: लिनक्सवर इंटेलमध्ये ८० बिट, एआरएममध्ये १२८ बिट, आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर तो साध्या डबलएवढाच. यावर उपाय म्हणजे स्वतंत्र सीआय जॉबमध्ये प्रमुख पॅकेजांच्या रात्रीच्या बिल्डवर चाचण्या चालवणे आणि त्याच जॉबमध्ये इशाऱ्यांना (वॉर्निंग) त्रुटी मानणे. हा जॉब पुल रिक्वेस्ट अडवणारा नसावा, नाहीतर दुसऱ्याच्या बदलाची शिक्षा नव्या सहयोग्याला मिळते.

मनुष्यबळ मोजके असताना क्रम कसा लावावा, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. सर्व काही बांधून ठेवूनही ज्या चाचण्यांचे निकाल बदलतात त्या सर्वप्रथम, मग त्या कितीही क्वचित पडत असोत, कारण तेथे वापरकर्त्याला चुकीचे उत्तर मिळत असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. त्यानंतर वारंवारतेनुसार. ज्यांना आत्ता वेळ देता येत नाही त्यांना एक्सफेल ('अपयश अपेक्षित') अशी खूण करावी, सोबत इश्यूचा क्रमांक लिहावा आणि चाचणी चालू ठेवावी. ती स्किप करू नये, कारण न चाललेल्या चाचणीची वारंवारता मोजता येत नाही. कारण सापडून दुरुस्ती झाली की खूण काढावी, आणि जी चाचणी दरवेळी अपयशी ठरते तिच्यासाठी स्ट्रिक्ट पर्याय लावावा, म्हणजे समस्या आपोआप सुटली तर कळेल.

दुरुस्तीची पुल रिक्वेस्ट एका कारणापुरती असावी, आणि तिच्या वर्णनात फरकाचा उगम, दुरुस्तीपूर्वी किती फेऱ्यांत किती अपयशे होती आणि दुरुस्तीनंतर तेवढ्याच फेऱ्यांत किती राहिली, हे आकडे असावेत. टॉलरन्स बदलला असेल तर त्या ओळीच्या वर, कोडमध्येच, तो आकडा कसा काढला याची टिप्पणी लिहावी: मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर किती, किती संख्यांची बेरीज होते, नमुने किती. तीन वर्षांनी दुसऱ्या एखाद्या प्रोसेसरवर तीच चाचणी पडेल तेव्हा ती टिप्पणी वाचणाऱ्याला ठरवता येईल की आकडा आणखी वाढवायला जागा आहे, की या वेळी खरोखरच काही बिघडले आहे.